गेलेला पाय परत कसा येतो?

(हीरकमहोत्सवी अभ्याससहलीत ओरत्तनाडु, जि. तंजावर येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



ज्या ओरत्तनाडुत आज आपण जमलो आहोत, तेथील छत्र तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ यांच्या स्मरणार्थ उभारले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विद्या, ही त्या काळच्या अशा छत्रांची कामे होती. या राजांना शरीररचनाशास्त्राची मोठी ओढ होती. मानवी अस्थींचा स्पर्श निषिद्ध मानला जाई. म्हणून त्यांनी अभ्यासासाठी कृत्रिम सांगाडा मिळवला. अडचण आली, पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. त्यांच्या या गावी अस्थींविषयीचाच एक प्रश्न मी मांडते. वर्गातली मुले तो नेहमी विचारतात: मोडलेले हाड जुळते, मग तुटून गेलेला हात पुन्हा का उगवत नाही?

बेडकाचा शेपटीवाला नातलग जो सॅलमॅन्डर, त्याला ही विद्या साधली आहे. त्याचा तुटलेला पाय हाडांसकट नव्याने येतो, हे इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७६८ मध्ये नोंदवले. जखमेवर प्रथम त्वचेचा पातळ थर पसरतो. तेथे वण धरत नाही. थराखालच्या पेशी आपले ठरलेले काम बाजूला ठेवून पुन्हा गर्भावस्थेतल्यासारख्या होतात आणि त्यांचा एक कोंब बनतो. त्यात आधी कूर्चा घडते, मग तिचे हाड होते. मनगटाशी तुटले तर पंजाच येतो. दंडाशी तुटले तर कोपरापासून बोटांपर्यंत सारे येते. काय गेले आणि काय उरले, याची खूण पेशींनी जपलेली असते.

नुसती वाढ पुरेशी नसते. भिंतीवरच्या पालीची शेपटी पुन्हा येते, पण तीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंवदा मोहंती हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. शेपटी कापलेल्या बेडूकमाशांना त्यांनी ‘अ’ जीवनसत्त्व दिले, तेव्हा शेपटीच्या जागी पाय उगवले! जागेची खूण बिघडली की वाढ वाट चुकते, हे त्यातून कळले.

आपले शरीरही यात अगदीच अनभिज्ञ नाही. मोडलेले हाड सांधताना बहुधा आधी कूर्चा आणि मग हाड, असाच क्रम असतो. लहान मुलाच्या बोटाचे नखाजवळचे टोक तुटले, तर तेही कधीकधी भरून येते. त्यापलीकडे मात्र शरीर वण धरून जखम बुजवते.

म्हणून पालकांना माझे दोन शब्द. ज्या मुलाचा हात गेला आहे, त्याला नवा हात उगवून देणारे औषध आज नाही. कोणी तसे आश्वासन दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्या मुलाला कृत्रिम हात, वर्गातली हक्काची जागा आणि मित्रांची सोबत आजच देता येते. आणि “का उगवत नाही?” असे विचारणाऱ्या मुलाला “देवाची इच्छा” म्हणून गप्प करू नये. पावसाळ्यात त्याला डबक्याकाठी न्यावे, बेडूकमाशाला पाय फुटताना दाखवावेत. काही कापण्याची गरज नाही, पाहणे पुरे. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी त्याचा प्रश्न जिवंत राहील, एवढे आपल्या हाती आहे.