आधीचं काम संपू द्या



सॉफ्टवेअर व्यावसायिकांसमोरच्या अध्यक्षीय भाषणात उद्याच्या तंत्रज्ञानाची चित्रं रंगवायची पद्धत आहे. मी मात्र रोजच्या कामातला एक प्रश्न घेऊन उभा आहे: असिंक्रोनस फंक्शन्स रांगेत लावून एकामागून एक कशी चालवायची. प्रश्न लहान दिसतो. पण चुकीच्या नोंदी गुपचूप तयार होतात त्या इथेच.

समजा, पतसंस्थेच्या एका खात्यात 10,000 रुपये आहेत. एकाच वेळी 2,000 रुपयांचा भरणा आणि 3,000 रुपयांची उचल अशा दोन विनंत्या आल्या. दोन्ही फंक्शन्सनी शिल्लक वाचली, दोघांनाही 10,000 दिसले. पहिल्याने 12,000 लिहिले, दुसऱ्याने त्यावर 7,000 लिहिले. खरी शिल्लक 9,000 हवी होती. एरर आली नाही, लॉगमध्ये काही दिसलं नाही, खातेदाराचे 2,000 रुपये मात्र गेले.

‘जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते, मग असं कसं होईल?’ असं पुष्कळ जण विचारतात. होतं, कारण प्रत्येक ‘अवेट’पाशी फंक्शन थांबतं आणि त्या फटीत दुसरं कुणीही आत येऊ शकतं. ‘अवेट’ ज्याची वाट पाहतं त्या प्रॉमिसची, म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराच्या हमीची, कल्पना डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी 1976 मध्ये मांडली. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात प्रॉमिस 2015 मध्ये आणि ‘असिंक-अवेट’ 2017 मध्ये आलं. कॉलबॅकच्या जंगलातून त्याने आपल्याला बाहेर काढलं, हे उपकार मोठेच. पण कोड वरून खाली सरळ वाचता येऊ लागला आणि तो तसाच अखंड चालतो, अशी नजरेची फसगतही सुरू झाली.

नवी मुलं ‘फॉरईच’मध्ये असिंक फंक्शन देतात. ‘फॉरईच’ कुणासाठी थांबत नाही; सगळी कामं सुरू करून देतं आणि मोकळं होतं. मग कुणी सांगतं, ‘प्रॉमिस डॉट ऑल’ वापर. त्याची उत्तरं दिलेल्या क्रमानेच परत येतात, म्हणून कामंही त्याच क्रमाने झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ती सगळी आधीच सुरू झालेली असतात. ‘ऑल’ फक्त ती संपायची वाट पाहतं. भाकरी तव्यावर टाकली की ती रांगेत उभी करता येत नाही. रांग लावायची ती परातीतल्या पिठाची. म्हणून रांगेत प्रॉमिस ठेवू नका, फंक्शन ठेवा. पाळी येईल तेव्हाच ते बोलवा. माझ्या मते या विषयातलं निम्मं शहाणपण एवढ्यातच आहे.

यादी आधीच हातात असेल तर साधं ‘फॉर-ऑफ’ आणि त्यात ‘अवेट’ पुरेसं आहे. ‘रिड्यूस’ने साखळी गुंफून चतुराई दाखवायचं कारण नाही. खरी कसोटी लागते ती विनंत्या केव्हाही येतात तेव्हा. तिथे रांगेचं शेपूट, म्हणजे शेवटचं प्रॉमिस, जपून ठेवायचं आणि नवं काम त्याला ‘देन’ने जोडायचं. चार-पाच ओळींत होतं. पण मधलं एक काम फसलं की शेपूट नाकारलेलं राहतं, आणि त्यामागची सगळी कामं सुरूच न होता नाकारली जातात. त्यावर ‘कॅच’ लावून चूक गिळून टाकणं हा तोडगा नव्हे. चूक ज्याने काम दिलं त्याच्याकडे गेलीच पाहिजे, आणि शेपूट मात्र पुढच्यासाठी मोकळं राहिलं पाहिजे. मात्र पुढची कामं चालवायची की थांबवायची, हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. शंभर जणांना निरोप पाठवताना एक अडला तर पुढे जावं. पैसे कापायची पायरी फसली तर पावती फाडायची पायरी चालता कामा नये. हा निर्णय लायब्ररी घेऊ शकत नाही, व्यवहार समजणाऱ्या माणसालाच तो घ्यावा लागतो.

टाइमआउटचंही असंच आहे. ‘प्रॉमिस डॉट रेस’ लावून पाच सेकंदांनी पुढे गेलात, तरी मागचं काम चालूच असतं. ते खरोखर थांबवलं नाही तर दोन कामं पुन्हा एकमेकांच्या अंगावर येतात. आणि रांगेतल्या कामानेच त्याच रांगेत नवं काम टाकून त्याची वाट पाहिली, तर दोघंही कायमची अडकतात.

सरसकट सगळीकडे रांग लावा, असं मात्र मी म्हणत नाही. 200 मिलिसेकंदांची शंभर वाचनं एकामागून एक केली तर 20 सेकंद जातात. त्यांचा एकमेकांशी संबंध नसेल तर ग्राहकाला ताटकळत का ठेवायचं? खात्यागणिक वेगळी रांग लावा, म्हणजे एका खातेदारासाठी दुसरा खोळंबत नाही. आणि प्रोग्रॅम दोन सर्व्हरवर चालत असेल तर एका सर्व्हरच्या मेमरीतली रांग दुसऱ्याला माहीतच नसते. तिथे डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन आणि नेमकी लावलेली कुलपं, म्हणजे लॉक, यांना पर्याय नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे रांग आहे, तिथे वरती दोन ओळी लिहा: ही रांग कशासाठी आहे, आणि एखादं काम फसलं तर मागच्यांचं काय होतं. मग एक चाचणी लिहा, जिच्यात पहिलं काम मुद्दाम उशिरा संपेल आणि दुसरं मुद्दाम फसेल. तिसरं काम कधी सुरू झालं ते पाहा, आणि मगच तो कोड ग्राहकाच्या हाती द्या.