ओहळाचा पंचनामा
(हेंद्रेपाडा, बदलापूर येथील बैठकीतील भाषण)



हेंद्रेपाड्याला खाणीवर कशाला बोलायचं, असं कोणाच्याही मनात येईल. इथे ना कोळसा, ना लोखंड. पण बदलापूरला लागून उल्हास नदी वाहते, आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांत काळ्या दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. सरकारदरबारी या दगडाला 'गौण खनिज' म्हणतात. खनिज गौण असेल, पण त्याची भुकटी भाताच्या खाचरात उतरली की नुकसान गौण राहत नाही.

पीक बुडालं तर तलाठी येतो, पंचनामा होतो. ओहळ मेला तर कोणी येत नाही. वर्षानुवर्षं गाळ येतो, झरा आटतो, खेकडे दिसेनासे होतात आणि एक दिवस 'नदी वाचवा'चा फलक लागतो. काय बिघडलं, किती बिघडलं, कोणामुळे बिघडलं, याचा कागद कोणाकडेच नसतो. कागद नाही म्हणून भरपाई नाही, आणि दुरुस्तीसुद्धा अंदाजपंचे. खाणवाल्याचा खर्च असा गुपचूप शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो.

गोव्याचं उदाहरण घ्या. डिचोली, सत्तरी, सांगे हे खाणींचे तालुके. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. ती उतारावर रचायची आणि वर कोकणचा पाऊस. माती ओहळातून थेट शेतात येते. २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणपट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. निकाल चांगलेच होते. पण ओहळातला गाळ न्यायालयाच्या हुकमाने डोंगर चढत नाही. आणि आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणेला, जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेल्या पाण्याचा बांध फुटला. चिखल घरांत आणि बागायतीत शिरला.

आता पंचनामा कसा करायचा ते सांगतो. सुरुवात नकाशापासून. गावनकाशा घ्या, जुन्या माणसांना बरोबर घ्या आणि ओहळ उगमापासून मुखापर्यंत चालून काढा. कुठे झरा होता, कुठे विहीर आहे, मातीचा ढीग कशावर रचलाय, ते टिपा. वेल्समध्ये अ‍ॅबरफॅन गावाच्या डोक्यावर कोळसाखाणीचा ढीग झऱ्यांवर रचला होता. ते झरे नकाशात छापलेले होते. २१ ऑक्टोबर १९६६ ला तो ढीग शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. नकाशा होता, पाहिला कोणी नाही.

मग जागा ठरवा. एक खाणीच्या वर, एक लगेच खाली, एक बरीच खाली जिथे तुमचं पाणी शेताला लागतं. शिवाय त्याच डोंगराचा, पण खाण नसलेला एक ओहळ तुलनेला घ्या. ही तुलना नसेल तर समोरचा वकील म्हणणार, "पावसाळ्यात पाणी गढूळच असतं." आणि ते खोटंही नाही.

वेळ फार महत्त्वाची. साहेबलोक दिवाळीनंतर येतात, बाटली भरतात, पाणी नितळ निघतं. गाळ जातो तो पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत. तेव्हा तुम्ही तिथे असलं पाहिजे. दहा लिटरची बादली भरा, दोन-तीन दिवस निवू द्या, वरचं पाणी ओता, खालचा गाळ वाळवून सोनाराच्या काट्यावर तोला. समजा दहा ग्रॅम निघाला, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम. दिसायला काहीच नाही. आता प्रवाह मोजा. ओहळ दोन मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल. काठावर दहा मीटर मापून लिंबू सोडलं, ते वीस सेकंदांत गेलं. हिशेबाने सेकंदाला ५०० लिटर होतात. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून पाचवा हिस्सा सोडा, राहिले ४०० लिटर. सेकंदाला ४०० ग्रॅम गाळ, तासाला १,४४० किलो, दहा तासांच्या पावसात साडेचौदा टनांच्या आसपास. खाणीच्या वर त्याच दिवशी जेवढा निघेल तेवढा वजा करा. उरला तो कोणाचा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पूर असताना मात्र पाण्यात उतरू नका. खोली आधी मोजून काठावर खूण करून ठेवा.

सगळ्या खाणींचा रोग एक नसतो. कोळशाबरोबर गंधक आणि लोखंडाचं संयुग असेल, तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, सामू घसरतो, दगडांवर नारिंगी साका बसतो. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सामू आधी पाहावा. गोव्यात मारतो तो मुख्यतः गाळ. आपल्या दगडखाणीतही भुकटीच. धातू बारीक गाळाला चिकटून राहतात, म्हणून तळाचा गाळही तपासा. माती परीक्षण प्रयोगशाळेत लोह, मंगल, जस्त, तांबं पाहतात. खाचरातल्या मातीचा नमुना तिथे द्या आणि अहवाल जपून ठेवा.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार दगडाखाली असतो. बाटली त्या क्षणाचं पाणी सांगते, किडे वर्षभराचं. दगड उलटा करा. शेपटीला तीन धागे असलेल्या चपट्या अळ्या, लहान खेकडे दिसले तर ओहळ जिवंत आहे. नुसत्या तांबड्या बारीक अळ्या उरल्या असतील तर समजा. ही पाहणी मुलांना सांगा, ती आपल्यापेक्षा चांगली करतात.

एक सावधगिरी. सगळं पाप खाणीच्या माथी मारू नका. वालधुनी अंबरनाथ, उल्हासनगरातून येते, तिचं दुखणं रसायनांचं आणि सांडपाण्याचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना वायूची बाधा झाली. तिथे क्षारता मोजा, ती चढलेली दिसेल. दगडाच्या भुकटीने पाणी गढूळ होतं, पण क्षारता फारशी चढत नाही. दोन चोर वेगवेगळे पकडायचे.

मोजणीशिवाय होणारी दुरुस्ती म्हणजे जेसीबी. तळ खरवडला, काठ सरळ केले, बिल निघालं. पण वरचा ढीग तसाच असेल तर पुढच्या पावसात गाळ पुन्हा हजर, आणि उरलेसुरले खेकडेही गेले. आधी ढिगाचं पाणी अडवा, ढिगाला उतार आणि गवत द्या, गाळ बसायला कुंड करा. मगच ओहळाला हात लावा. पैसा नाही म्हणतील. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली, तिने खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आणली. त्या निधीतून पिण्याचं पाणी आणि प्रदूषण नियंत्रण यांवर आधी खर्च करायचा आहे. मागायला जाताना हातात वही असू द्या.

आज उठण्यापूर्वी प्रत्येक ओहळाला दोन माणसं ठरवायची आहेत. एक बादली, एक काटा, दोरी, आणि वहीत तारीख, वेळ, जागा, सह्या. पहिली सर यायच्या आत काठावरच्या खुणा झालेल्या असाव्यात. नावं इथेच सांगा, लिहून घेतो.