एका पानाचा आराखडा

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात चंदीगड येथील मराठी भगिनींच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आमच्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, शाळेपासून इतक्या दूर, मराठी मंडळींसमोर बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजते. येथे स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मला बोलावले. घरी चकल्या करून विकण्याचा तिचा मानस आहे. "बाई, व्यवसायाचा आराखडा कसा लिहायचा, हे सांगाल का?" असे तिने विचारले. मी व्यापारी नव्हे; परंतु या प्रश्नाशी माझे जुने नाते आहे.

माझे वडील लवकर गेले. आई दिवाळीचा फराळ करून विकत असे. तिच्या हाताला चव होती आणि मागणी कधी कमी पडली नाही. तरीही मी दहावीत असताना किराणा दुकानदाराची उधारी फेडण्यासाठी तिला पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. त्या पुन्हा सुटल्या नाहीत. पुढे तिची हिशेबाची वही माझ्या हाती आली. तीत गिऱ्हाइकांची नावे होती, वजने होती, आलेले पैसे होते. तेलाचा चढलेला भाव मात्र नव्हता आणि तिच्या जागरणांची नोंद तर कुठेच नव्हती.

आपण ज्या शहरात बसलो आहोत, ते आधी कागदावर आखले गेले. ल कॉर्बुझिए यांनी साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर योजले. घरे कुठे, बाजार कुठे, हे वीट रचण्यापूर्वी ठरले. घरगुती व्यवसायाला एवढे नकाशे नकोत. वहीचे एक पान पुरते. त्यावर पाच प्रश्नांची उत्तरे असावीत.

पहिला प्रश्न, काय विकणार आणि कोणाला? येथे मराठी घरे मोजकी आणि त्यांतील अनेक बदलीच्या नोकरीची. आजचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी असू शकते. म्हणून शेजारच्या पंजाबी घरांत नमुना देऊन पाहावा आणि कोणी पुन्हा मागितले, त्यांची नावे पानावर लिहावीत. कौतुक करणारा आणि पैसे देऊन दुसऱ्यांदा घेणारा, यांत अंतर असते.

दुसरा प्रश्न, एक किलोला खर्च किती? आमच्या विद्यार्थिनीचेच आकडे घेऊ. भाजणी, तेल व इतर साहित्य १८० रुपये, गॅस आणि पाकीट ३० रुपये, एकूण २१०. तिने भाव ठरवला होता ३२० रुपये. म्हणजे किलोमागे ११० रुपये नफा, असे तिला वाटले. मी विचारले, "वेळ किती लागतो?" ती म्हणाली, "दीड तास." ताशी ६० रुपये धरले तरी तिची मजुरी ९० रुपये होते. खरा नफा उरतो २० रुपये.

तिसरा प्रश्न, किती विकले म्हणजे तोटा टळेल? फोन, घरपोच पोहोचवणे, भांड्यांची झीज यांचा महिन्याचा खर्च तिने ६०० रुपये काढला. किलोमागे २० रुपये उरत असतील, तर तो भरून निघण्यासाठी ३० किलो चकल्या हव्यात. भाव ३५० केला, तर किलोमागे ५० रुपये उरतात आणि १२ किलो पुरतात. तीस रुपयांच्या संकोचापायी अठरा किलोंचे कष्ट वाढत होते.

चौथा प्रश्न परवानगीचा. खाद्यपदार्थ विकायचे, तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी हवी. शिवाय या शहरात निवासी घराच्या व्यापारी वापरावर निर्बंध आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी इस्टेट ऑफिसात चौकशी करावी.

पाचवा प्रश्न भांडवलाचा. किती हवे, कोठून आणणार आणि कधी फेडणार? २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. परंतु कर्ज मिळते म्हणून घेऊ नये. पान सांगेल तेवढेच घ्यावे.

या पाचांत दुसऱ्या प्रश्नाकडे माझे मन पुन्हा पुन्हा वळते. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. तेथे पापड लाटणाऱ्या भगिनीला लाटलेल्या वजनाप्रमाणे मजुरी मिळते. घरात बसून केलेले काम हेही काम आहे, हे त्यांनी हिशेबात मांडले.

आकडेमोड आपल्याला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत बँक काढायचे ठरवले, तेव्हा त्या निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज विचारा. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राविना हिशेब करावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

एक कबुली देऊन थांबते. आमच्या शाळेत मी वर्षानुवर्षे नफा-तोट्याची उदाहरणे घातली. त्यांत खरेदी होती, विक्री होती. विकणाऱ्याची मजुरी कधी नव्हती. माझ्या आईच्या वहीत जे राहून गेले, तेच माझ्या फळ्यावरही राहून गेले. परत गेल्यावर सातवीच्या वर्गात चकलीचे हे उदाहरण मी पहिल्या तासाला घालणार आहे.

आमच्या विद्यार्थिनीने काल रात्री आपले पान लिहून पूर्ण केले. भाव ३५० ठेवला आहे. तिला आणि आपणा सर्वांना शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेते.