सूचनापत्राच्या तळाशी दोन ओळी



गावोगावी कार्यरत असलेल्या रोटरी क्लबांच्या सूचनापत्राचा साचा अनेकांच्या परिचयाचा आहे. आगामी सभेचा वार, वेळ, स्थळ, वक्त्याचे नाव आणि विषय. त्याखाली सदस्यांचे वाढदिवस. आणि तळाशी जागा उरलीच, तर इतिहासातील एखादी नोंद. सदस्य वार आणि वेळ पाहतो, भोजन आहे की केवळ चहापान याची चौकशी करतो आणि कागद बाजूला ठेवतो. तळाच्या दोन ओळी बहुधा न वाचताच राहून जातात. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या दोन ओळी हाच आहे. कारण पुढील सभा कशी भरवावी, याचे मार्गदर्शन त्यांतच मिळते.

पहिली नोंद २३ फेब्रुवारी १९०५ ची. अमेरिकेतील शिकागो शहरात, युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत चार गृहस्थ एकत्र जमले. ती खोली म्हणजे खाण-अभियंता गस्टाव्हस लोअर यांची कचेरी. इतर तिघांपैकी पॉल हॅरिस हे वकील, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी आणि हायरम शोरी हे शिवणकामाच्या व्यवसायातले. हॅरिस यांचे बालपण वॉलिंगफर्ड या छोट्या गावी आजी-आजोबांच्या छायेत गेले होते. महानगरात वकिलीचा जम बसला. परंतु गावातला आपलेपणा तेथे नव्हता. तो आपलेपणा व्यवसायबंधूंच्या मैत्रीतून मिळवावा, एवढाच त्या सभेचा हेतू होता. पुढील सभा आळीपाळीने एकेका सदस्याच्या कचेरीत भरू लागल्या आणि या फिरत्या क्रमावरूनच संस्थेला ‘रोटरी’ हे नाव मिळाले. कल्पना हॅरिस यांची असूनही पहिले अध्यक्षपद शील यांच्याकडे गेले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

केवळ मैत्रीसाठी जमलेले लोक सेवेकडे कसे वळले? याचे उत्तर दुसऱ्या नोंदीत सापडते. १९०७ च्या सुमारास या क्लबाने शिकागोच्या नगरगृहाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे, यासाठी प्रयत्न आरंभिले. त्याला विरोधही झाला. पुरुषांची सोय मद्यालयांत आणि स्त्रियांची सोय मोठ्या दुकानांत होतेच, असा युक्तिवाद पुढे आला. परंतु ज्याला मद्यही नको आणि खरेदीही करावयाची नाही, त्या सामान्य माणसाने काय करावे? क्लबाने पाठपुरावा सोडला नाही आणि स्वच्छतागृह उभे राहिले. पुढे जगभर पसरलेल्या संस्थेचे पहिले सेवाकार्य इतके साधे होते! त्यात ना कीर्ती होती, ना सोहळा. रस्त्यावरून जाणाऱ्याची अडचण तेवढी दूर झाली.

तिसरी नोंद निधीची. १९१७ मध्ये अटलांटा येथील अधिवेशनात आर्च क्लम्फ यांनी सत्कार्यासाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याची सूचना मांडली. त्या निधीत कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून आलेली पहिली देणगी होती २६ डॉलर ५० सेंट. आज ‘रोटरी फाउंडेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निधीचा हा आरंभ. थोड्या रकमेचा संकोच वाटून जे दाते मागे राहतात, त्यांना ही ओळ आवर्जून वाचून दाखवावी.

चौथी नोंद मात्र अभिमानाची नाही, आत्मपरीक्षणाची आहे. दीर्घकाळ या संस्थेचे सदस्यत्व केवळ पुरुषांना खुले होते. कॅलिफोर्नियातील डुआर्टे या लहानशा क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतले, तेव्हा मध्यवर्ती संस्थेने त्याची मान्यताच काढून घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८९ मध्ये संस्थेने आपली घटना बदलली. जागतिक अध्यक्षपद एका स्त्रीकडे, कॅनडाच्या जेनिफर जोन्स यांच्याकडे, आले ते २०२२-२३ या वर्षी. सेवेची तळमळ असणाऱ्यांना दार उघडण्यास इतका काळ लागावा, हे शल्य कोणत्याही संस्थेने विसरू नये.

पाचवी नोंद भारताशी निगडित आहे. या देशातील पहिला क्लब १९१९-२० साली कलकत्त्यास स्थापन झाला. मुंबईचा क्लब १९२९ चा. कलकत्त्याचेच नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये जागतिक अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १९७९ मध्ये फिलिपाइन्समधील बालकांना पोलिओचे डोस पाजण्याचा उपक्रम रोटरीने हाती घेतला आणि १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ ही जागतिक मोहीम सुरू केली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. शासकीय आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि क्लबांचे सदस्य एकाच केंद्रावर बसले. बाळाच्या तोंडात दोन थेंब, करंगळीला शाईची खूण आणि मग पुढचे बाळ! देशातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तानातून मात्र हा विषाणू अद्याप हद्दपार झालेला नाही. म्हणून जागरूकता आवश्यकच आहे.

या पाचही नोंदींना जोडणारा धागा कोणता? प्रत्येक कार्याचा उगम एका सभेत आहे आणि त्या सभेला थोडीच माणसे हजर होती. साप्ताहिक सभा हा या क्लबांचा दीर्घकाळचा दंडक. सदस्य परगावी असला, तर तेथील क्लबाच्या सभेस जाऊन उपस्थितीची भरपाई करी. २०१६ मध्ये नियम शिथिल झाले आणि महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरल्या. काळानुसार हे योग्यच. तथापि, नियम सैल झाला म्हणून ओढ सैल होऊ नये. सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, वक्ता परगावाहून आलेला आणि कार्यवाह दूरध्वनीवरून सदस्यांना बोलावीत आहे, हे दृश्य अनेक संस्थांतून दिसते. इमारती उभ्या राहतात, निधी साठतो. परंतु माणसे येईनाशी झाली, की संस्था केवळ नामफलकावर उरते.

म्हणून आगामी सभांचे नियोजन करताना तीन गोष्टी कराव्यात. वर्षातून काही सभा सदस्यांच्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात भराव्यात, म्हणजे परस्परांचे जीवन कळेल. सूचनापत्रात वक्त्याच्या नावाबरोबरच मागील सभेत ठरलेल्या कामाची प्रगती लिहावी. आणि प्रत्येक सभेपूर्वी विचारावे, की या सभेस कोणाला बोलावण्याचे राहून गेले आहे? नवविवाहित सून, नोकरीनिमित्त गावात आलेला तरुण, निवृत्त शिक्षक, यांपैकी कोणी दाराबाहेर तर नाही?

शिकागोची ती इमारत १९८९ मध्ये पाडली जाणार होती, तेव्हा रोटरी सदस्यांनी ७११ क्रमांकाची खोली काळजीपूर्वक सोडवून जतन केली. पुढे ती एव्हन्स्टन येथील मुख्यालयात नेण्यात आली. चार खुर्च्यांपुरती ती लहानशी जागा; परंतु पुढची सभा निश्चित करूनच तेथून माणसे उठत. पुढच्या सूचनापत्राच्या तळाशी जी नोंद येणार आहे, ती आजच्या सभेला उपस्थित असणारेच घडवीत असतात, एवढे स्मरण ठेवून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.