प्रौढांनो, पुन्हा पाटी हाती घ्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांस वैद्यकविद्येसाठी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस जावे लागले. आज विद्याच घरी चालून आली आहे. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर नानाविध विषयांचे पाठ विनामूल्य मिळतात, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. पवईच्या आय. आय. टी.चे संगणकविषयक ‘स्पोकन ट्युटोरियल’ तर मराठीतूनही आहेत.

मग अडते कोठे? संकोचापाशी. आयुष्यभर मी इतरांस शिकविले. माझे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकपाशीच थांबले. साठीनंतर नातवापुढे विद्यार्थी होऊन बसताना प्रथम लाज वाटली, पण पहिला पाठ उमगला आणि ती ओसरली.

मंडळ मुलांचा गुणगौरव करते, ते योग्यच. परंतु विवाहामुळे ज्यांचे शिक्षण तुटले त्या भगिनींचे काय? त्यांच्यासाठी आठवड्यातून एक सायंकाळ सभागृह व एक संगणक मोकळा ठेवावा, आणि परीक्षाशुल्काचा भार मंडळाने उचलावा. पुढील वर्षी या व्यासपीठावर नातवाशेजारी एखाद्या आजीचाही सत्कार व्हावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे.