एक बंब, अनेक घरे



आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिलीच आहे. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी तेथे आणले गेले. त्यानेच जाते फिरले, आणि हौदाखालील दालन भर उन्हाळ्यातही थंड राहिले. एका उगमातून अनेकांची सोय व्हावी, हे तिचे मर्म होय. कोपनहेगन शहरात आज बहुतेक घरांना सामाईक नळांतील उष्ण पाण्यानेच ऊब मिळते. आम्हांस तेवढ्या उबेची गरज नाही. परंतु स्नानाच्या पाण्यासाठी घरोघरी बव्हंशी कोळशावर निर्माण होणारी वीज का खर्चावी? इमारतीच्या गच्चीवर सर्वांचा मिळून एक सौरबंब बसवावा. मात्र पहाटे उठणाऱ्याने तो रिकामा केल्यास उशिरा उठणाऱ्याच्या वाट्यास थंड पाणीच येईल. म्हणून वर्गणीबरोबर पाण्याचा वाटाही आधीच ठरवावा, अशी आमची विनंती आहे.