औषध सांगितल्याप्रमाणेच का घ्यावे?

(एलूल महिन्यातील एका रविवारी, वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन आबोथ सिनेगॉगलगतच्या सभागृहात एका निवृत्त परिचारिकेने दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



सणांच्या तोंडावर औषधांचा विषय काढते आहे, याबद्दल प्रथम क्षमा असावी. परंतु एलूल हा आपल्या चुका आठवण्याचा महिना आहे, आणि मला जे सांगायचे आहे त्याचा आरंभ माझ्याच चुकीपासून होतो.

1970 च्या दशकात परिचर्येची पदविका घेऊन मी मुंबईच्या एका रुग्णालयात रुजू झाले. गिरणीतला एक तरुण कामगार क्षयाने आजारी होऊन आमच्या कक्षात आला. त्या काळी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि गोळ्या असा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. दोन महिन्यांत त्याचा ताप गेला, खोकला थांबला, अंगावर मांस चढले. घरी जाताना मी त्याच्या हाती गोळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "नियमित घ्या." एवढेच. किती महिने, कशासाठी, मध्येच थांबलात तर काय होईल, यांतले काहीही मी सांगितले नाही.

वर्षभराने तो परत आला तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. बरे वाटू लागताच त्याने गोळ्या सोडल्या होत्या आणि उरलेल्या गोळ्या खोकणाऱ्या धाकट्या भावाला देऊन टाकल्या होत्या. पूर्वीची औषधे आता त्याच्यावर चालेनात. तो वाचला नाही. त्याच्या आईने मला विचारले, "बाई, गोळ्या तर दिल्या होत्या ना?" त्या माउलीला मी काय उत्तर देणार होते?

खोकला थांबणे आणि रोग संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. औषधाने प्रथम दुबळे जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. चिवट जंतू मागे उरतात. त्याच वेळी औषध सोडले, तर उरलेले तेच वाढतात आणि पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. क्षयावरील उपचार आज साधारणपणे सहा महिन्यांचा झाला आहे; परंतु हा नियम बदललेला नाही.

1956 मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो, हे डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दाखवून दिले. मात्र त्याच कार्यातून दुसरेही सत्य पुढे आले : औषध हातात पडले म्हणजे ते पोटात जातेच, असे नाही. म्हणून रुग्णाने परिचारिकेच्या समोर गोळ्या गिळाव्यात, ही पद्धत निघाली. सिंगापूरने 1997 मध्ये क्षयरोग निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा तीच पद्धत येथील पॉलिक्लिनिकांत रुजली. निवृत्तीपूर्वी मीही ते काम केले आहे. पाण्याचा पेला पुढे करून मी रोज रुग्णाला विचारत असे, "आज कसे वाटते? काही त्रास?" गोळीपेक्षा या प्रश्नाला अधिक वेळ लागे. मुंबईत मी जे केले नव्हते, ते हेच.

आता आपल्या घरांकडे वळू. आपण मुंबईहून येताना औषधांच्या पट्ट्या आणतो आणि येथील डॉक्टरही औषध देतात. नावे वेगळी, वेष्टने वेगळी. आतले औषध मात्र पुष्कळदा एकच असते. रक्तदाबाची गोळी अशा रीतीने दुप्पट घेतली गेली, म्हणजे माणूस उठता उठता चक्कर येऊन पडतो. पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे. दिसत नसेल, तर नातवंडांकडून वाचून घ्यावे.

शेवटचा मुद्दा माझ्या मनाला सर्वांत लागलेला आहे. योम किप्पूर, म्हणजे आपल्या आजीच्या बोलीतला दरफाळणीचा सण, जवळ येत आहे. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी माझ्या नणंदबाईंनी रोजा धरला आणि सकाळी मधुमेहाची गोळी मात्र घेतली. दुपारी त्या घामाने भिजल्या, जीभ जड झाली, माणसे ओळखेनात. साखर देऊन त्यांना शुद्धीवर आणावे लागले. नंतर त्या म्हणाल्या, "वहिनी, गोळी चुकवायची नाही, असे तुम्हीच सांगता ना?" मी पुन्हा अर्धेच सांगितले होते! ती गोळी अन्नासोबत घ्यायची असते. पोट रिकामे असताना ती रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवते. गोळी, तिचे प्रमाण, तिची वेळ आणि तिच्यासोबतचा घास, हे सारे मिळून डॉक्टरांची सूचना पूर्ण होते.

आपल्या धर्मात पिक्कुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हे कर्तव्य शब्बाथ आणि योम किप्पूर यांच्याही वर ठेवलेले आहे. धर्मनियमांचा महान ग्रंथ रचणारे रामबाम स्वतः वैद्य होते, हे विसरू नये. तेव्हा मधुमेह, हृदयविकार, अपस्मार किंवा रक्त पातळ करणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी आजच डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि उपवासाचा विषय आपण होऊन काढावा. गोळी आपल्या मनाने सोडू नये, आपल्या मनाने घेऊही नये. डॉक्टरांनी उपवासास मनाई केली, तर रब्बींना विचारावे. त्या दिवशी खाणे ही तुमच्या श्रद्धेतील उणीव नव्हे; ते तुमच्यावर सोपवलेले कर्तव्य आहे.

आज घरी गेल्यावर एका कागदावर आपली सर्व औषधे लिहा : नाव, प्रमाण, वेळ, जेवणाआधी की नंतर. काढा आणि चिनी जडीबुटीही त्यात येऊ द्या. तो कागद पाकिटात ठेवा. जे समजले नाही, ते विचारा. परिचारिका घाईत असली, तर तिला थांबवा. त्या तरुणाने मला थांबवले असते, तर फार बरे झाले असते. पण थांबायचे मीच होते.

शाना तोवा. एलोहिम आपणां सर्वांस आरोग्य देवो.